अक्कांनी काढलेल्या कड्या

अक्का वारल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी गावातले दोघे जण माझ्याकडे आले. चौकात फ्लेक्स लावायचा होता. फोटो मिळाला होता, 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे तर छापणाऱ्याकडे तयारच असतं. मधल्या दोन ओळी तेवढ्या हव्या होत्या. "तुमी त्यांच्यासंग सहा वर्षं काम केलं, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" असं म्हणून, चहा पिऊन ते गेले. मी चार ओळी लिहिल्या आणि चारही खोडल्या. 'मुलींची माय' लिहिलं, ते पूर्ण खरं नव्हतं. 'सत्यासाठी झटल्या' लिहिलं, तेही पूर्ण खरं नव्हतं, कारण झटण्याआधीची सात वर्षं त्यात बसत नव्हती. शेवटी फ्लेक्सवर नुसतं नाव आणि वय गेलं. दोन ओळींत जे मावलं नाही ते इथं लिहितो.

अक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर आमच्या गावच्या मठाने त्यांना मुलींच्या वसतिगृहाचं अध्यक्ष केलं. हे वसतिगृह गावाबाहेर, मठाच्याच जागेत. मुलींच्या आठ खोल्या, एक सभागृह, सभागृहावर एक खोली, आणि पाचवी ते दहावीच्या एकतीस मुली. आजूबाजूच्या खेड्यांत सातवीच्या पुढे शाळा नाही, म्हणून लोक मुली आणून ठेवायचे. दिवसा गावातल्या शाळेत जायचं, संध्याकाळी सभागृहात हरिपाठ म्हणायचा. मी पाटबंधारे खात्यात आहे. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यातल्या पाण्याची पातळी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहायची, हे माझं काम. अक्षर बरं आणि आकडा चुकत नाही, एवढ्या दोन गुणांवर मला वसतिगृहाचा सचिव केलं. मुलींची हजेरी, रजेचे अर्ज, कामाच्या पाळ्या हे सगळं माझ्याकडे होतं.

सकाळी साडेसहाला अक्का सभागृहात येत. मुली रांगेत उभ्या असत. अक्का प्रत्येकीच्या कपाळाला उलटा हात लावत पुढे जात. मुली मोजण्याची त्यांची हीच रीत होती. शेवटच्या कपाळापाशी त्या "एकतीस" म्हणत आणि मी हजेरीवर सही करत असे. पोटात दुखतंय म्हणून शाळा चुकवणाऱ्या मुलीच्या कपाळावर हात जरा जास्त वेळ राहायचा. "तापबी कळतो आन लबाडीबी कळती," असं म्हणून त्या तिच्या तळहातावर चिमूटभर ओवा ठेवायच्या. ओवा खाऊन मुलगी शाळेत जायची.

बाई ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, कायम पांढरी किंवा फिकी साडी. चहा बिनसाखरेचा, तोही उभ्याने. सभेत अध्यक्षांची खुर्ची असायची, तिच्यावर त्या कधी बसल्या नाहीत, पिशवी ठेवायच्या. चालताना चपला फरशीवर मुद्दाम आपटत, त्या यायच्या आधी दोन खोल्यांपर्यंत आवाज पोचे. पहिल्यांदा मला वाटलं, गुडघे दुखत असतील. मग एकदा बाजारात पाहिलं तर चांगल्या हलक्या पावलांनी चालत होत्या. मग वसतिगृहातच चपला काहून वाजवतात? आपण येऊन राहिलो आहोत हे त्यांना कुणाला कळवायचं असतं? हा प्रश्न मी मनात नोंदवून ठेवला. माझा स्वभावच तसा आहे. माझी बायको म्हणते, "तुमाला देवाच्या आरतीतबी कडवं कमी हाय का ते मोजायचं असतं."

मठाचे महाराज दर एकादशीला यायचे. आवाज असा की कीर्तनात बसलेला माणूस पान खायचं विसरे. पंचक्रोशीत त्यांची तारीख मिळावी म्हणून लोक वर्ष-वर्ष थांबत. दशमीला दुपारी यायचे, सभागृहावरच्या खोलीत उतरायचे, एकादशीला कीर्तन, द्वादशीला सकाळी जायचे. मीही त्यांच्या पायांवर डोकं ठेवलेलं आहे, आणि एकदाच नाही. अक्काही पाया पडायच्या. पण महाराजांनी दिलेला प्रसाद त्यांनी तोंडात टाकलेला मी पाहिला नाही. त्या तो पदराच्या टोकाला बांधायच्या आणि मागच्या दारी गयाबाईच्या शेळीला घालायच्या. गयाबाई म्हणजे वसतिगृहाची स्वयंपाकीण. मला हे दोनदा दिसलं. तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा मी विचारलं. "साखर चालत न्हाई मला," अक्का म्हणाल्या. प्रसाद फुटाण्यांचा होता.

मी सचिव झालो त्याच्या पुढच्या वर्षी अक्कांनी रशीदभाईंना बोलावलं. रशीदभाई आमच्या गावचे सुतार. तीन पिढ्या दारं-खिडक्या त्यांच्याच घरातून. मी अर्ज चाळत बसलो होतो, त्यामुळे बोलणं ऐकलं.

"सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढ," अक्का म्हणाल्या.

"आतल्या? अक्का, आतून कडी न्हाई तो दरवाजा काय कामाचा? फिर पडदाच लावा ना."

"तू काढ. अक्कल नको शिकवू."

"काढतो की. पन हे बराबर न्हाई. पोरींचं होस्टेल है."

"पोरींचं हाय म्हणूनच."

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. दुपारपर्यंत त्यांनी काम संपवलं आणि काढलेल्या कड्या माझ्या टेबलावर आणून ओतल्या. मी मोजल्या. नऊ.

"खोल्या आठ आहेत, रशीदभाई."

"वरची धरून नौ," ते म्हणाले.

वरची म्हणजे महाराजांची. पुढच्या एकादशीला महाराज आले, खाली उतरले आणि सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "अक्कांचा आमच्यावर विश्वास राहिलेला दिसत नाही. कडी काढून नेली." सगळे हसले. अक्काही हसल्या. पण त्या सगळ्यांच्या आधी थांबल्या. मला तेव्हा वाटलं, ही बाई मुलींवर पाळत ठेवते आणि आता महाराजांवरही ठेवायला लागली आहे. दवाखान्यात वॉर्डवर हुकूम चालवायची सवय, ती सुटत नसेल. माझा संशय अक्कांवर होता. महाराजांवर नव्हता. हे मी स्पष्ट लिहून ठेवतो.

पुढच्या वर्षी पाळ्यांची यादी मी केली. महाराज आले की एका मुलीने वर पाणी न्यायचं, ताट न्यायचं, अंथरूण घालायचं, महाराज दमलेले असतील तर पाय चेपायचे. याला सेवा म्हणत. सेवा मिळणं भाग्याचं मानलं जाई. आईबाप मुलीला भेटायला आले की विचारत, "आमच्या पोरीला सेवा मिळाली का?" कुणाला तीनदा मिळते, कुणाला एकदाही नाही, म्हणून मुलींत भांडणं होत. मी हजेरीच्या नंबराप्रमाणे यादी लावली. वर्षाला चोवीस एकादश्या, मुली एकतीस. सव्वा वर्षाच्या थोडं वर गेलं की प्रत्येकीची पाळी एकदा येणार. कुणावर अन्याय नाही. सभेत उपाध्यक्ष भाऊसाहेबांनी माझं कौतुक केलं. अक्कांनी यादी वाचली, परत वाचली, आणि सही केली.

आणि मग दर एकादशीच्या आदल्या दिवशी माझ्या यादीवर पेन्सिलीने खाडाखोड व्हायला लागली. मुलीचं नाव खोडून तिथं गयाबाई. कधी एकीच्या जागी दोघी, आणि शेजारी परत गयाबाई. सहाव्या वेळी माझा संयम सुटला.

"अक्का, ही यादी तुमीच मंजूर केली होती."

"केली व्हती."

"मग खाडाखोड काहून?"

"गयाला बी थोडं पुण्य लागू द्या की, सचिवसाहेब."

"गयाबाईला पंधरा दिवसांत दोनदा पुण्य लागलं. आणि नऊ नंबरच्या मुलीचे वडील मला विचारून राहिले."

"इचारू द्या."

एवढंच. अक्कांशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी. 'बघू', 'राहू द्या', 'इचारू द्या' यापलीकडे त्या जात नसत. मी यादीची दुसरी, स्वच्छ प्रत काढून कपाटात ठेवली. यादी लागू झाल्यापासून एकाही एकादशीला ती जशीच्या तशी चालली नव्हती, हे मी त्या प्रतीच्या मागे लिहून ठेवलं.

असं तीन वर्षांहून जास्त चाललं. मग अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. नांदेडला, लेकीकडे आठ-दहा दिवस राहायचं होतं. निघताना त्या एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून माझ्याशी बोलल्या.

"एकादशी मधीच येऊन राहिली. वरचं गया बघून घेईल."

"यादीप्रमाणे सोळा नंबरची पाळी आहे."

"यादी राहू द्या."

"पण कारण काय, अक्का?"

कंडक्टरने घंटी दिली. अक्का आत गेल्या. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. सांगायचंच असतं तर तेवढा वेळ पुरला असता.

दशमीला सकाळी गयाबाईच्या माहेराहून निरोप आला, तिचा थोरला भाऊ गेला. ती रडत निघून गेली. आता खाडाखोड करणारं कुणी नव्हतं आणि जिचं नाव पेन्सिलीने लिहायचं तीही नव्हती. मी कपाटातली स्वच्छ प्रत काढून भिंतीवर लावली. सोळा नंबरसमोर बरोबरची खूण केली. मला समाधान वाटलं होतं, हेही लिहायला पाहिजे.

सोळा नंबर म्हणजे धरणाकडच्या गावातली, आठवीतली मुलगी. तिचे वडील धरणात जाळं टाकून मासे धरतात. तिचं नाव मी लिहिणार नाही.

द्वादशीला सकाळी महाराज गेल्यावर मी हजेरीला गेलो. तीस भरल्या. सोळा नंबर पाण्याच्या टाकीमागे बसलेली सापडली. केस ओले होते.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली.

"अर्ज लिहावा लागेल."

तिने अर्ज लिहिला. कारणाची ओळ मोकळी सोडली. मी म्हटलं, "कारण लिहावं लागतं." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि 'ताप' असं लिहिलं. मी सही केली. दुपारी वडील येऊन तिला घेऊन गेले.

मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला नव्हता.

अक्का आठव्या दिवशी आल्या. डोळ्याला काळा चष्मा. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी भिंतीवरची यादी पाहिली. दिसत नव्हतं म्हणून अगदी नाक लावून पाहिली. मग म्हणाल्या, "गया कुठं व्हती?" मी सांगितलं. "पोरगी कुठं हाय?" मी अर्ज काढून दिला. "ताप कुणी बघितला?" त्यांनी पिशवी तशीच उचलली आणि त्याच पावली जीप करून धरणाकडे गेल्या.

मुलीने त्यांना काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे. पोलिसांच्या कागदात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का वसतिगृहाच्या पायरीवर बसलेल्या होत्या. हजेरी घेतली नव्हती. सांगायचं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मी त्याच पायरीवर बसलो. मी विचारलं, "तुमाला कधीपासून माहीत होतं?"

मी विचारायला नको होतं असं त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. कुणी तरी विचारेल याची त्या वाट पाहत असाव्यात.

"सात वर्षं."

"सात?"

"तुमी यायच्या आदलं साल. एका पोरीनं मला येऊन सांगितलं. मी तिला दुसऱ्या गावच्या शाळेत घातलं, आन गप बसले. दोन वर्षांनी दुसरीचं मला आपोआप कळलं. तिनं सांगितलं न्हाई. तवा कड्या काढल्या."

"आणि चपला वाजवायच्या. आणि गयाबाई."

"व्हय. गोवर आलेलं लेकरू येगळं ठेवतेत ना, तसं महाराजांना येगळं ठेवलं. वाटलं, मी हाय तवर कुणाला लागण व्हनार न्हाई."

"आणि तुमी नसताना?"

अक्कांनी काळा चष्मा काढून पदराने पुसला.

"मला नुसतं एका शब्दानं सांगितलं असतं, अक्का, तरी ती यादी मी फाडून टाकली असती."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी सभेत मांडलं असतं. मांडलं असतं तर मठ बोंबलला असता, होस्टेल बंद पडलं असतं. एकतीस पोरी घरी गेल्या असत्या आन साल व्हायच्या आत एकतीस लग्नं लागली असती." मग म्हणाल्या, "असं मी सोताला रोज सांगत व्हते."

यात खरं किती होतं आणि पद, मान, लोकांचं 'अक्का, अक्का' किती होतं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही. एवढं मात्र मला कळलं की या बाईने सात वर्षं महाराजांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. लोखंड काढलं, नावं खोडली, प्रसाद शेळीला घातला. माणसाला धरलं नाही.

त्याच आठवड्यात सभा झाली. आम्ही पाच जण होतो. अक्कांनी उभं राहून सगळं सांगितलं. भाऊसाहेब मठाच्या जवळचे, गावात वजनदार. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"अक्का, सप्ताह पंधरा दिवसांवर आला. पत्रिका वाटून झाल्या. आन त्या पोरीचं काय खरं धरता? धरणावरची, मासे इकणाऱ्याची पोरगी. बोलायला काय लागतं?"

"भाऊसाहेब, तुमची नात कितवीत हाय?"

"सातवीत. त्याचं काय?"

"पुढच्या एकादशीला तिला पाठवा सेवेला."

भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. बाकीच्या दोघांनी खाली पाहिलं. मग भाऊसाहेब आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा. महाराजांना मी बोलतो. इथं येऊ नका म्हणून सांगतो. पोरीच्या बापाला समजावतो. सगळं शांततेत करू."

"शांततेत मी सात वर्षं करून राहिले," अक्का म्हणाल्या. "माझ्याइतकं शांततेत तुमच्याच्यानं व्हनार न्हाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिहा, सचिवसाहेब. अध्यक्षांना हे सात वर्षांपासून माहीत होतं, आणि त्यांनी कुणाला कळवलं नाही. आज पोलिसात जायचं ठरलं."

"असलं लिहायचं नसतं," भाऊसाहेब म्हणाले. "अहो, तुमी शहाणे आहात. पेन ठेवा."

चौघंही माझ्याकडे पाहत होते. मी लिहिलं. त्याखाली माझ्या यादीचंही लिहिलं. सही अक्कांनी केली, मी केली. बाकीच्यांची जागा अजून मोकळी आहे.

पोलीस ठाण्यात आम्ही चौघे गेलो. मुलगी, तिचे वडील, अक्का आणि मी. जीपमध्ये वडिलांनी मुलीचं मनगट धरून ठेवलं होतं. ठाण्यात एक तरुण बाई अधिकारी होत्या. त्यांनी आधी मुलीचं ऐकलं, वेगळ्या खोलीत, आईसारख्या शांतपणे. नंतर अक्कांचं घेताना त्या थांबल्या.

"आजी, तुम्हाला आधीपासून माहीत होतं, हे लिहिलं तर तुमच्यावरही गुन्हा लागतो. माहीत असून कळवलं नाही म्हणून. विचार करा."

"केला. लिहा."

माझा संशयी स्वभाव तिथंही सुटला नाही. मनात आलं, ही बाई आता स्वतःला धुऊन घेते आहे का? स्वतःवर ओढवून घेतलं की लोक म्हणतील, बघा केवढं मन! मी हे लिहितो आहे कारण मला ते वाटलं होतं. पुढे जे झालं त्याने ते पूर्ण पुसलं गेलं नाही, पण फिकं झालं.

बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर आम्ही बसलो होतो. जीपवाला यायचा होता. मुलगी अचानक बोलली. सकाळपासून आमच्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

"अक्का, माझ्या आधी कोण होतं?"

अक्का म्हणाल्या, "दोघी."

"त्यायनं तुमाला सांगितलं होतं?"

"एकीनं."

"मग तुमी काय केलं?"

वडील घाबरले. "ए पोरी, मोठ्या माणसाला असं इचारत असतेत का?"

"इचारू द्या तिला," अक्का म्हणाल्या. मग मुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "काहीच न्हाई केलं."

कड्यांचं त्या बोलल्या नाहीत. गयाबाईचं, पेन्सिलीचं, काही नाही. मी वाट पाहत होतो की आता तरी सांगतील, एवढं तरी केलं म्हणून. नाही सांगितलं.

मुलगी बाकड्यावर थोडी सरकली. अक्का आणि तिच्यात आणखी एका माणसाची जागा झाली. मग ती म्हणाली, "मग त्यायला बी घेऊन या. मी एकटीच काहून?"

महाराजांना अटक झाली. जामीन झाला. आता ते दुसऱ्या जिल्ह्यात कीर्तन करतात, आणि लोक हार घालतात. त्यांची माणसं सांगत फिरली की हे कारस्थान आहे, अक्कांचा मठाच्या जागेवर डोळा होता. ज्या बायका अक्कांकडून लेकरांना डोस पाजून घ्यायच्या त्यांनी रस्ता बदलला. वसतिगृह चार महिन्यांत बंद पडलं. शेवटची हजेरी मी घेतली. एकतीसमधल्या सव्वीस मुली पुढे कुठे ना कुठे शाळेत लागल्या. पाच घरी बसल्या, त्यांतल्या दोघींची लग्नं झाली. अक्का एकतीसला भीत होत्या, झाल्या दोन. पण त्या दोघींच्या दारात उभं राहून हा आकडा मला सांगता येणार नाही. धरणाकडची मुलगी हिंगोलीत सरकारी वसतिगृहात आहे, दहावीला बसली आहे. खटला चालू आहे. भरलेल्या कोर्टात नाही, बंद खोलीत, पण साक्ष द्यायला तिलाच उभं राहायचं आहे, आणि समोरचा वकील विचारणार आहे की इतक्या वर्षांत दुसरं कुणी कसं बोललं नाही?

अक्का आधीच्या त्या दोघींना शोधायला निघाल्या. एक डोळा बरा झाला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललं. स्वतःवरच्या गुन्ह्याच्या कोर्टातल्या तारखा सोडून बाकी दिवस एसटीत. पहिली मुलगी, जिने येऊन सांगितलं होतं, ती आता परभणीकडे नांदते. ती बाहेरच आली नाही. जावेने सांगितलं, "ती म्हणती, मी तवाच सांगितलं व्हतं. आता मला काही सांगायचं न्हाई." अक्का मला हे सांगताना माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे पाहत होत्या. नंतर त्या तिथं परत गेल्या नाहीत. म्हणाल्या, "तिचं बराबर हाय."

दुसरी वसमतच्या बाजूला एका खेड्यात दिली आहे. तिच्याकडे मात्र त्या पुन्हा पुन्हा गेल्या. मी एकदा विचारलं, "माफी मागायला जाता की साक्ष मागायला?" त्या म्हणाल्या, "गेल्यावर ठरवीन." मला ते उत्तर पटलं नाही. माफी मागायची तर एकदा जावं. साक्ष मागायची तर कोर्टाने बोलवावं. तिच्या नांदत्या घरात परत परत जाऊन बसणं हे त्या मुलीच्या भल्याचं की अक्कांच्या जिवाच्या शांतीचं, हे मला कळत नव्हतं. मी त्यांच्यासोबत गेलो नाही. त्यांनीही 'चला' म्हटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी कामासाठी वसमतला निघालो होतो. वाटेत एसटी थांबली. पुढे हळदीच्या पोत्यांचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झाला होता, लोक तो सरळ करत होते. खिडकीतून रस्त्यालगतच्या घराचं अंगण दिसत होतं. अंगणभर उकडलेली हळद वाळत घातलेली. एक पंचविशीच्या आतली बाई डोक्याला फडकं बांधून, वाकून, ढिगातली हळद हाताने पसरवत होती. अंगणाच्या मध्यावर, उघड्या उन्हात, जमिनीवर अक्का बसल्या होत्या. छत्री नाही, डोक्यावर पदर. हात मांडीवर. बोलत नव्हत्या.

मी उठून उतरावं असं मला वाटलं. उतरलो नाही.

बाई पाठमोरी काम करत होती. एक ओळ पसरवून झाली की मागे सरकायची, दुसरी ओळ धरायची. अक्कांकडे तिने एकदाही पाहिलं नाही. सरकत सरकत ती अक्कांपर्यंत आली. आता त्यांना उठा म्हणणं भाग होतं, नाही तर तेवढी जागा मोकळी राहिली असती. अक्काही उठण्यासाठी एक हात जमिनीला टेकत होत्या. बाईने मान हलवली. नको म्हणाली, की नुसतं घाम झटकला, ते मला एवढ्या लांबून कळलं नाही. मग ती खाली बसली, आणि अक्कांच्या गुडघ्यांना लागून, त्यांच्या पायांभोवतीने, हळद पसरवत पुढे गेली.

ट्रॅक्टर सरळ झाला. एसटी निघाली.